फरूजाची सपाट काच

आमच्या डोंगरातल्या इघिल गावात भांडी भाजायचा आवा उघडला की बायका आधी तोंड वाकडं करतात. मडकं गुळगुळीत लाल निघालेलं असो, नक्षीची रेघ न रेघ उठलेली असो, करणारी म्हणणार, "राख झाली गं बाई, फुकट गेली मेहनत." बघणारीही मान हलवणार, "हो गं, यंदा मातीच खराब." त्या मडक्यातून पहिलं पाणी भरून येईपर्यंत त्याला चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं की दृष्ट लागते आणि मडकं तडकतं, अशी आमच्याकडची पक्की समजूत. याच गावची फरूजा पुढे प्रकाशशास्त्राची डॉक्टर झाली, आठ वर्षं फ्रान्समध्ये राहून आली, पण ही सवय काही गेली नाही. एकदा तर या सवयीने तिच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी फिरायची वेळ आणली.

तिची आई तसादित ही गावातली पहिल्या नंबरची भांडी घडवणारी. हात सोन्याचे आणि जीभ मिरचीची. भांडं सुकत आलं की नदीतला एक काळा गोटा घेऊन ते घासायचं, चमक येईस्तोवर घासायचं. सात वर्षांच्या फरूजाला ते काम लागलं. पोर कामाची होती, पण प्रश्न फार विचारायची.

"याम्मा, तीच माती, मग घासल्यावर का चमकते?"

"घासली म्हणून. हात चालव."

उत्तर तसं बरोबरच होतं. त्या उत्तरात जे सांगायचं राहिलं होतं, त्यावर फरूजाने पुढे पाचशे पानांचा प्रबंध लिहिला.

फ्रेंचांशी चाललेली लढाई संपली, देश स्वतंत्र झाला आणि सैनिकांच्या रिकाम्या बराकीत शाळा उघडली. फरूजा तेव्हा बारा वर्षांची होती. मास्तरांकडे एक भिंग होतं; त्याने उन्हात अंजिराच्या पानाला भोक पाडून दाखवल्यावर ही पोरगी दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या खुर्चीला चिकटूनच बसू लागली. मग सेतिफ शहरातली मोठी शाळा, राजधानी अल्जीयर्सचं विद्यापीठ, सरकारी शिष्यवृत्ती आणि फ्रान्स. तिथे तिला कायमची नोकरी देऊ करत होते. ही मात्र १९८३ साली दोन पेट्या घेऊन सेतिफला परतली. लोकांनी वेड्यात काढलं. ती म्हणायची, "तिकडे सगळं छान होतं, पण मनासारखं भांडायला कुणी नव्हतं."

सेतिफच्या संस्थेत तिला भिंगं घासायची एक कार्यशाळा मिळाली. एक खोली, चार यंत्रं, दोन मुली आणि मोकरान नावाचा कारागीर. मोकरान आमच्याच डोंगरातला, फरूजाच्या पलीकडच्या गावचा. शाळांच्या सूक्ष्मदर्शकांसाठी ते भिंगं करत आणि दिवसभर एकमेकांच्या गावांना नावं ठेवत. फरूजा सुखात होती.

चार वर्षांनी राळ संपली. भिंगाला शेवटची झळाळी येते ती राळेच्या गादीवर. गुलाबी पूड टाकून त्या गादीवर काच घासत बसायचं. ती राळ परदेशातून यायची, आणि तेलाचे भाव पडल्यापासून परदेशातून काहीच येत नव्हतं. यंत्रं बंद पडली. त्यात नवे संचालक आले, घौती साहेब. पार पश्चिमेकडचे, त्लेमसेनचे. माणूस सरळ. ऐकलं ते वहीत लिहायचं आणि लिहिलं ते करायचं, बस. काचेतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं उघड सांगतही.

"बाई," ते फरूजाला म्हणाले, "खोली नुसती अडून राहिली आहे. मला गोदामाला जागा हवी. तुम्ही म्हणता ती सपाट काच जूनच्या तोंडाला झाली, तर कार्यशाळा राहील. नाहीतर तुम्ही वर्गावर शिकवा, आणि मोकरान गाड्यांच्या दुरुस्तीला."

ही सपाट काच म्हणजे कार्यशाळेचं माप. तिच्यावर ठेवून बाकीची प्रत्येक काच तपासायची. ती बाहेरून मागवायची सोय उरली नव्हती, आणि इथे करायची तर राळ नव्हती. फरूजाचा जीव टांगणीला लागला.

शुक्रवारी ती गावी गेली. तसादित अंगणात बसून आव्यातून काढलेल्या गरम भांड्यांवर पाइनची राळ फिरवत होती. राळ वितळून भांड्याला पिवळी झिलई चढत होती. फरूजा ताकाचा पेला हातात धरून बघतच राहिली.

"याम्मा, ही राळ मला देशील?"

"तुझ्याकडे काय भांडी आहेत?"

"काच घासायला हवी. राळ नसेल तर खोली बंद करणार आहेत."

"मग इतके दिवस तोंडात गूळ धरून बसली होतीस? डोंगर भरलाय राळेने. आणि ती तुझ्या हाताने शिजायची नाही. मीच येते."

आणि आली. बसमध्ये मांडीवर राळेचा डबा, पायाशी सुक्या अंजिरांची पिशवी. सगळे तिला मावशी म्हणू लागले. मावशीने कार्यशाळेत चूल मांडली, राळ वितळवली, मेण घातलं, तेलाचे चार थेंब टाकले. मग गार झालेला तुकडा काढून सरळ तोंडात टाकला.

"मावशी, अहो हे शास्त्र आहे!" मोकरान ओरडला.

"शास्त्र आहे तर राळ संपली कशी?" मावशी चघळत म्हणाली. "दाताला चिकटली तर ओली, कडकन तुटली तर कोरडी. ही चिकटतेय. अजून उकळ."

फ्रान्समध्ये एक म्हातारा कारागीर राळ अशीच चावून बघायचा, हे फरूजाला आठवलं. आईला तिने ते सांगितलं नाही. नाहीतर शेफारली असती.

सात आठवडे काम चाललं. काचेच्या तीन चकत्या घ्यायच्या आणि आलटून पालटून एकमेकींवर घासायच्या. तिन्ही एकमेकींशी जुळल्या की तिन्ही सपाट झाल्या असं समजायचं. घासून काच गरम होते, मग ती निवेपर्यंत थांबायचं. मोकरानला थांबवत नसे. मावशी त्याच्या हातावर चापट मारी, "गरम भांड्याला हात लावणाऱ्याची बायको पळून जाते." त्याचं लग्न ठरलेलं होतं, त्यामुळे तो थांबायला शिकला.

शेवटी मेच्या एका सकाळी फरूजाने दोन चकत्या एकीवर एक ठेवल्या आणि पिवळा दिवा लावला. काचेत काळ्या रेघा उमटल्या. काच वाकडी असेल तर या रेघा वाकतात. त्या दिवशी त्या ताठ होत्या, एका अंतराच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"या कुणी काढल्या?" आईने विचारलं.

"कुणी नाही. उजेडाच्या आहेत."

मावशी बराच वेळ वाकून बघत होती. मग सरळ झाली आणि म्हणाली, "राख झाली."

"फुकट गेली मेहनत," फरूजा म्हणाली. मोकरान म्हणाला, "काचच खराब." आणि तिघंही आनंदाने लाल झाली.

नेमके तेव्हाच घौती साहेब दारात उभे राहिले. "काय बाई, झाली का काच?"

त्या काचेवर अजून एकही भिंग तपासलं नव्हतं. म्हणजे मडक्यात अजून पाणी भरलं नव्हतं. फरूजाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "राख झाली, साहेब." साहेबांनी मोकरानकडे पाहिलं. तोही म्हणाला, "काचच खराब." साहेबांनी दोन्ही वाक्यं वहीत लिहिली. चेहरा पडला त्यांचा. "तुम्ही प्रयत्न केलात," असं म्हणून ते गेले.

दुपारी पत्र आलं. शनिवारपर्यंत खोली रिकामी करावी.

फरूजा धावत त्यांच्याकडे गेली. काच उत्तम झाली आहे, सकाळी बोलले ती आमच्याकडची रीत आहे, असं तिने परोपरीने सांगितलं.

"बाई, सकाळी तुम्हीच म्हणालात राख झाली. आता खोली जाते म्हटल्यावर ती उत्तम झाली? मला काचेतलं कळत नाही. मी तुमच्या शब्दावर चालतो. आता यातला कुठला शब्द धरू?"

फरूजा तशीच मागे फिरली. ती कार्यशाळेत येऊन स्टुलावर बसली. फ्रान्स सोडल्याचा पश्चात्ताप तिला चार वर्षांत पहिल्यांदा झाला. मोकरान यंत्राचे स्क्रू उगाच पिळत होता. मावशीने दोघांकडे पाहिलं, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि निघाली. दहा मिनिटांनी ती घौती साहेबांना घेऊनच आली. साहेब अरबी बोलणारे, आमची बोली वेगळी; पण बाजारात भांडी विकून शिकलेलं मोडकंतोडकं अरबी तिला येत होतं, आणि वयाचा मान तर होताच.

"दिवा लाव," तिने लेकीला सांगितलं. मग रुमालाच्या काठाचा एक दोरा ओढून काढला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि काचेतल्या एका रेघेच्या वर नेला. "वाका साहेब, बघा. रेघ दोऱ्याला कुठे सोडते का?"

साहेब वाकले. चष्मा वर केला, खाली केला. दुसरी रेघ पाहिली, तिसरी पाहिली. "नाही सोडत," ते म्हणाले.

"सोडली असती तर काच वाकडी. माझी लेक खोटं बोलली नाही. चांगल्या भांड्याला पाणी भरल्याशिवाय आम्ही चांगलं म्हणत नाही, दृष्ट लागते. पन्नास वर्षं भांडी केली, एकाला म्हटलं नाही. हिलाही कधी म्हटलं नाही." मावशीने दोरा बोटाला गुंडाळला. "पण तुम्हाला शब्द हवाय ना, मग लिहा. काच चांगली आहे. माझ्या लेकीचं काम चांगलं आहे."

फरूजा सदतीस वर्षांची होती. आईच्या तोंडून हे ती पहिल्यांदा ऐकत होती. तिचे डोळे भरून आले आणि दिव्यासमोरच्या सगळ्या रेघा पुसट झाल्या.

घौती साहेबांनी वहीतल्या सकाळच्या दोन ओळींवर काट मारली. मग हसू लागले. "माझी आई मला लहानपणी पाहुण्यांसमोर काळं माकड म्हणायची," ते म्हणाले. "आत्ता कळलं का ते."

कार्यशाळा राहिली. मोकरानचं लग्न झालं. फरूजाने एका गणिताच्या मास्तराशी संसार मांडला, सत्तावीस वर्षं ती त्याच खोलीत काम करत राहिली आणि तिच्या हाताखालून निघालेल्या मुली आज तीन शहरांत भिंगं घासतात. निवृत्तीनंतरही ती मंगळवारी जाते. काच अजून कपाटात आहे, मऊ कापडात गुंडाळलेली. कशी आहे विचारलं तर म्हणते, "आहे बापडी."

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. फरूजाच्या घरी परतताना मावशी रस्ताभर कुरकुरत होती. "आता तडकणार. बोलून बसले. बघ तू, उद्या दोन तुकडे." जेवणातही लक्ष नव्हतं, ताटातला कुसकुस तसाच राहिला. सकाळी सगळ्यांच्या आधी ती कार्यशाळेच्या दारात हजर, हातात पाण्याचं मडकं. काच धड होती. तिने ओंजळभर पाणी सरळ त्या काचेवर ओतलं.

"मावशी!" मोकरान किंचाळला.

पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून टेबलावर गेलं. दोन-तीन थेंब मात्र काचेवर तसेच राहिले. मावशीने ते नीट पाहिले, मान डोलावली.

"घेतलं पाणी हिने," ती म्हणाली. मग फरूजाकडे वळली. आता समोर साहेब नव्हते, वही नव्हती, कुणाला पटवायचं नव्हतं. "आता रीतसर म्हणते. चांगली आहे गं, पोरी. फार चांगली झाली आहे."