उशाशी विळा

कोरीट गावातल्या त्या बाळंतिणीच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही पोत्याने बुजवलेली. बाळंतिणीला वारा लागायला नको. कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, आणि दृष्ट-बाधा टळावी म्हणून उशाशी विळा. सव्वा महिना होईपर्यंत यामिनीला बाहेर पडायची मनाई होती. पोर झोपलं की तिची नजर त्या पात्यावर जायची आणि तिथेच अडकायची.

रूपलीबाई ही आरोग्य खात्याची गावातली आशाताई आणि नात्याने यामिनीची चुलतसासू. नवा नियम आला होता : बाळाचं वजन झालं की आईच्या मनाचंही विचारायचं, तिला एकटीला गाठून. पण या घरात एकटी कुठे गाठणार?

"झोप येस का वं?" रूपलीबाईने यामिनीला विचारलं.

"घोरस ती!" यामिनीची सासू बेबीबाई दारातूनच बोलली. "तिले काय धाड भरनी?"

"बाई, पोरले जरा उन्हामा लई जा."

बेबीबाई नातवाला घेऊन अंगणात गेली. यामिनीने रूपलीबाईचं मनगट घट्ट धरलं.

"काकी, तो विळा लई जा. मन्हाच हातनं माले भ्याव वाटस."

रूपलीबाईने विळा गुपचूप पिशवीत टाकला. "गुरुवारले नंदुरबारले मनना डॉक्टर येतस. मी लई जासू तुले."

पण अंगणात येताच ती कचरली. सून वेडी, असं एकदा गल्लीत फुटलं की यामिनीला जन्मभर पुसता येणार नव्हतं. ती म्हणाली, "बाई, इले दूध कमी शे. डॉक्टरले दखाडनं पडी."

"दूध कमी? मंग तं उंबरा वलांडूच देवाव नही! शोपा खावाडसू, डिंक खावाडसू. आखो महिनाभर बसू दे मझार."

रूपलीबाईची सबब उलटली होती; यामिनी आता आणखी महिनाभर आतच.

यामिनी भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली. ऊन डोळ्यांत घुसलं.

"माय, दूध भरपूर शे. मन्हं मन थाऱ्यावर नही. पोरजवळ माले एकटी ठेवू नका."

बेबीबाईने तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या विळ्याच्या मुठीकडे.

"गुरुवारले मी बी येसू," ती म्हणाली. "वळखनं कोणी भेटनं तं मातर दूधनंच सांगानं."

यामिनीने मान डोलावली. गुरुवार अजून लांब होता. बेबीबाईने सुनेला आत सारलं आणि वारा नको म्हणून दार ओढून घेतलं. या खेपेला मात्र पोराला घेऊन तीही आतच बसली.