आईचं बोलणं कुणी पुसलं

माहितीपट काढणाऱ्या त्या मुलीने माझ्या आईला फसवलं. तिचा चेहरा घेतला आणि आवाज टाकून दिला.

लोणावळ्यात एका हॉलमध्ये चळवळींवरचे माहितीपट फुकट दाखवतात. माझा मंडप-खुर्च्यांचा धंदा आहे. दुसऱ्याच्या खुर्च्या डोक्यावर वाहता वाहता मी तो उभा केला. त्या हॉलमध्ये खुर्च्या माझ्याच, म्हणून पहिल्यांदा राखणीला मागे बसलो आणि मग गोडीच लागली. पडद्यावर कुठल्या कुठल्या देशांतली लांब केसांची पोरं युद्धाला नाही म्हणत शेतात तंबू ठोकून राहिलेली. मला भलतेच प्रश्न पडायचे. एवढ्यांचा स्वयंपाक कोण करत असेल? पावसात तंबू कसे टिकले? घरचे काय म्हणाले?

एकदा चर्चेत बोलून गेलो, की आमच्या गावी, नवलाख उंबऱ्याला, माझी आईही बायकांबरोबर पाण्यासाठी रस्ता अडवून बसली होती. मी लहान होतो. त्यानंतर ती काही दिवस घरी नव्हती. कुठे होती, ते तिने कधीच सांगितलं नाही. माहितीपट काढणारी ती मुलगी तिथेच बसली होती. लगेच म्हणाली, "काका, आईंना भेटता येईल?"

कॅमेरा लागला तशी आई मला म्हणाली, "तू भायेर जा. तू हितं बसलास तर मला न्हाई बोलता येणार."

मी ओट्यावर बसलो. आत आई बोलत होती, मध्येच हसली. शब्द काही कळत नव्हते. म्हटलं, पडद्यावर ऐकूच. एकेका बांबूचा भाव घासून घेणारा मी. पण इथे सगळंच फुकट, म्हणून एकही अट घातली नाही.

त्याच हॉलमध्ये माहितीपट दाखवायच्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून, आळीतल्या बायका घेऊन पुढच्या रांगेत बसली. पडद्यावर तिचे ओठ हलत होते आणि वरून कुणा बाईचं इंग्रजी चालू होतं.

"आगं, माजं बोलणं कुटं गेलं?" आई मोठ्याने म्हणाली.

"मडमीण झालीस की गं!" शेजारची म्हणाली. बायका हसल्या. आई हसली नाही.

आत काय सांगितलंस, असं घरी विचारलं, तर म्हणाली, "सांगितलं एकदा. पुन्यांदा न्हाई व्हायचं माज्यानं."

त्या मुलीला फोनवर झापलं. म्हणे, "काका, बाहेर मराठी कुणाला कळणार?"

आता तिलाच विचारतो, परदेशातल्या बायकांचा आवाज तुम्ही जसाच्या तसा ठेवता, खाली अक्षरं देता. मग माझ्या आईचाच का पुसलात? उत्तर मला फोनवर नको. मूळ रेकॉर्डिंग घेऊन नवलाख उंबऱ्याला या आणि उत्तर तिच्यासमोर बसून द्या.