सुपारीनं काळी झालेली बोटं

म्हसळ्याच्या शाळेत मी शिकवायचो त्या वर्गातली कोकिळा नेहमी उशिरा यायची. विचारलं की म्हणे, "बाबांचे श्वास मोजत होते." तिच्या बापाला, कोंडाजीला, दमा होता. श्वास जरा संथ झाल्याशिवाय ती घर सोडत नसे. मी तरीही तिला दाराबाहेर उभी करी.

आता ती चौलजवळच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स आहे. माझे थोरले बंधू विश्वंभरदादा तिथे तोंडातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी करून घ्यायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. वाडीतली सुपारी दादा अजून स्वतः सोलतात, त्यामुळे बोटं नखांपर्यंत काळी. भूलतज्ज्ञ फक्त गुरुवारी येतात, आणि तो सोमवार होता.

"थोडीशीच गुंगी, मीच देतो," डॉक्टर अनीश म्हणाले.

"काय गो, झोपवशील तशी उठवशील ना?" दादांनी विचारलं.

"उठवीन हो दादा. नाहीतर गुरुजी मला परत बाहेर उभी करतील!"

दादा हसतच झोपले. मी दाराच्या काचेतून बघत होतो. थोड्याच वेळात ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्याचं यंत्र ओरडू लागलं.

"बोटं काळी आहेत, त्याला वाचता येत नाही. आवाज बंद कर," पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले.

तिनं बंद केला. पण तिचा एक हात दादांच्या पोटावरच होता. दुसरा तिनं त्यांच्या नाकापुढे धरला.

"कोकिळा, ती नळी दे इकडे."

ती हलली नाही. "सर, पोट हलतंय, पण वारा येत न्हाय."

"गाढ झोपलेत ते."

तिनं बोटाचा चिमटा काढून कानाच्या पाळीला लावला. "बासष्ट! दुर्बीण काढा सर, आधी काढा!"

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. दुर्बीण बाहेर आली. कोकिळेनं दादांचा जबडा वर उचलून धरला, डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, गुंगी उतरवायचं इंजेक्शन दिलं. दादांचे ओठ जांभळे होते. मी सेकंद मोजू लागलो, पण चारच्या पुढचा आकडा आठवेना.

मग एकदम मोठी घोरल्यासारखी धाप आली. नंतर दुसरी.

"यापुढे गुरुवारीच," डॉक्टर कुणाकडेही न बघता म्हणाले.

कोकिळा बाहेर आली. तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला.

"आवाज मीच बंद केला, गुरुजी. ह्याच हातानं."

ती श्वास मोजायला पुन्हा आत गेली. मी दाराबाहेर उभा राहिलो.