नवा चष्मा काढायचा नाही

गुप्तहेराच्या चष्म्याला हळद-कुंकू वाहिलं तर तो चालतो की बिघडतो, याचा नियम माझ्या वहीत नव्हता. बाकी सगळे होते. एक्केचाळीस पानं भरून होते!

मी हेरगिरीचा एक खेळ रचत होते. टेबलाभोवती बसून खेळायचा. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक हेर व्हायचं, 'मी आता खिडकीतून आत शिरते' असं तोंडाने सांगायचं, आणि शिरलात की आपटलात ते फासा ठरवणार. पुण्यातला एक गट असे खेळ छापतो. त्यांना माझ्याकडून गॅजेट्सचे नियम हवे होते. कुठलं यंत्र काय करतं, किती वेळा चालतं, कधी दगा देतं. अट एवढीच, की असा खेळ कधीही न खेळलेल्या तीन माणसांकडून एक मोहीम शेवटपर्यंत खेळवून घ्यायची आणि तिचं रेकॉर्डिंग रविवारी पाचच्या आत पाठवायचं.

या खेळापायी मी न्हावा शेवाच्या एका कंटेनर ऑफिसातली नोकरी सोडली होती. (हो, सोडली! आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे मी. मूर्खपणासुद्धा पदवीला शोभेल असाच करते.) साहेब भला माणूस. म्हणाला, "सोमवारपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो." म्हणजे पुणं 'हो' म्हणालं तर मी खेळ रचणारी, आणि 'नाही' म्हणालं तर सोमवारी सकाळी पुन्हा गेटपास टाइप करणारी.

तीन माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. एक माझे बाबा. त्यांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं, उरलेलं बंदरावर ट्रेलर चालवण्यात चाललंय. दुसरी आई. तिसरी बाबांची थोरली बहीण, नागावची आत्या. ती घरी पर्यटक ठेवते, आणि आईबापांचं नाव-गाव विचारल्याशिवाय खोलीची चावी देत नाही.

रविवारी दुपारी दोनला मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि मोहीम सांगितली. 'गिधाड' नावाच्या खलनायकाच्या गोदामात एक नकाशा आहे, तो पळवून आणायचा. मग प्रत्येकाला दोन-दोन गॅजेट्स दिली. म्हणजे जाड कागदाची कार्डं, माझ्या हाताने काढलेली. आईला भिंतीपलीकडचं दिसणारा चष्मा मिळाला.

"नवा हाय?" आईने विचारलं.

"नवाकोरा!"

"मंग थांब."

ती उठून आत गेली आणि पूजेचं ताट घेऊन आली.

"आई, हे कार्ड आहे!"

"बाबांनी ट्रेलर आनला तवा पूजा केली का न्हाय? मंग याची का न्हाय?"

बाबा तोवर नारळ सोलायला बसलेसुद्धा होते. सहाही कार्डांना हळद-कुंकू लागलं, ओवाळून झालं, अंगणात नारळ फुटला. कुंकू नेमकं 'तोटे' या रकान्यावर पडलं, त्यामुळे माझ्या गॅजेट्सना एकही तोटा उरला नाही. तीन वाजले. रेकॉर्डिंगमध्ये अजून एकही हेर घराबाहेर पडला नव्हता, आरती मात्र पूर्ण झाली होती.

"आई, तू आता गोदामाच्या भिंतीशी आहेस. चष्मा घाल. फाशावर एक पडला तर मोडेल, बाकी काहीही पडलं तर पलीकडचं दिसेल."

आईने फासा खाली ठेवला. "मोडंल?"

"एक पडला तरच!"

"मंग मी टाकतच न्हाय. ऱ्हाऊ दे कपाटात."

"बरोबर हाय तिचं," आत्या म्हणाली. "माझ्या लग्नातला काचंचा कपबशीचा सेट हाय. आजपतूर एक कप फुटला न्हाय."

"वापरलास कधी?"

"वापरला असता तर फुटला नसता काय, बाय?"

मी आशेने बाबांकडे वळले. बाबांकडे दोर फेकणारं घड्याळ होतं. समोर गेट, गेटवर बंदूकधारी पहारेकरी, शेजारी उंच भिंत. घड्याळ वापरण्यासाठी याहून सोयीची भिंत मी रचूच शकत नव्हते.

"पहारेकरी कवापासून उभा हाय?" बाबा म्हणाले.

"सकाळी सहापासून."

"जेवला?"

"बाबा, तो पहारेकरी आहे!"

"म्हनूनच इचारतो. मी म्हनतो, भाऊ, तू जेवून ये, तवर मी ऱ्हातो उभा."

फासा टाकला. सहा! माझ्याच वहीच्या नवव्या पानावर 'गॅजेट न वापरल्यास' म्हणून एक ओळ होती: सहा पडल्यावर समोरचा माणूस ऐकतो. पहारेकरी जेवायला गेला. आई आणि आत्या चालत आत गेल्या आणि आत रजिस्टर लिहिणारा दुसरा पहारेकरी आहे म्हटल्यावर खोक्यांमागे लपल्या. बाबा इमानदारीत गेटवर पहारा देत उभे राहिले. एकही गॅजेट वापरलं गेलं नाही. आणि मी पुण्याला पाठवणार होते ते गॅजेट्सचे नियम!

चार वाजले तसा माझा धीर सुटला. मी जागच्या जागी नवा नियम काढला. "ऐका! गॅजेट अर्ध्या तासात वापरलं नाही, तर कायमचं बंद पडतं."

तिघांचेही हात आपापल्या कार्डांवर गेले.

"म्हंजे वाया जानार?" आईने विचारलं.

"वाया!" मी विजयाने म्हटलं.

"मंग आत दुसरा पहारेकरी हाय ना, रजिस्टर लिहितोय तो? त्याला देते चष्मा. बिचारा वाकून-वाकून लिहितोय."

"आई, तो शत्रू आहे!"

"डोळं तर मानसाचंच हायत ना?"

तेवढ्यात पहिला पहारेकरी जेवून आला. बाबांनी त्याला घड्याळ दिलं. आत्याने खोक्यांमागूनच आपली दोन्ही आईच्या हाती देऊन टाकली. उरलेली दोन पहारेकऱ्यांच्या 'पोरांना खेळायला' म्हणून गेली. आतल्या पहारेकऱ्याने चष्मा घातला आणि त्याला नियमाप्रमाणे भिंतीपलीकडचं दिसलं. खोक्यांमागची आत्याही दिसली. भोंगा वाजला. तिघंही पकडले गेले. सहाही गॅजेट्स शत्रूच्या घरी गेली, आणि एक अखेर वापरलंही गेलं, शत्रूकडून!

पाचला वीस मिनिटं उरली होती. मी गिधाडाचा घोगरा आवाज काढला. "आता तुम्ही माझ्या तावडीत आहात!"

"खरं नाव काय रं तुझं?" आत्याने विचारलं.

"गिधाड."

"आईबापांनी ठेवलेलं?"

घड्याळाकडे बघून मी म्हणाले, "...सुरेश."

"गाव?"

"अलिबाग."

"आई हाय? तिला ठावं हाय, तू ही असली कामं करतोस ते?"

एक्केचाळीस पानांत यावर एक ओळ नव्हती. माझे डोळे भरून आले, पण ते गिधाडाचेच भरून आले असं समजून आईने मला पदर दिला. पाचला दहा कमी असताना मी हुंदका देत म्हणाले, "घ्या नकाशा. पण आईला सांगू नका."

मोहीम फत्ते! मी रेकॉर्डिंग पाठवलं आणि पालथी पडले.

साडेसातला पुण्याहून फोन आला. "मॅडम, अप्रतिम! हसून हसून पोट दुखलं. आम्हाला एकच बदल हवाय. गॅजेट्सचे नियम काढून टाकायचे. त्यांच्याशिवाय खेळ फार रंगतो."

"अहो, मी गॅजेट्सचेच नियम लिहिलेत."

"हो, तेवढेच काढायचे." मग जरा घुटमळून म्हणाले, "आणि त्या तिघांचा नंबर मिळेल का? नवे खेळ तपासायला अशी माणसं मिळत नाहीत. उद्यापासूनच सुरू करू म्हणतो."

एक्केचाळीसही पानं गेली, म्हणजे माझ्यापुरतं पुण्याचं 'नाही'च. सोमवारी मी ऑफिसात त्याच खुर्चीत बसून गेटपास टाइप करत होते. अकराला घरी फोन लावला. आई दबक्या आवाजात म्हणाली, "कामात हाव गं, मंग कर. पुन्याची मानसं लायनीवर हायत."

आमच्या घराण्यात खेळाच्या क्षेत्रात कुणी जायची ही पहिलीच वेळ. एकदम तिघंजण गेले. शिकलेली तेवढी मागे राहिली!