पल्याडचं रेडकू

माझ्या गोष्टींतल्या पोरांचे मी फार हाल करते, अशी माझ्याविषयी तक्रार आहे. मी शाळकरी मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते. मध्यंतरी कोल्हापुरातल्या एका शाळेत वाचनाला गेले होते. वाचून झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि सरळ भांडायलाच लागली. "तुम्ही त्या मुलाला घरी परत का न्हाई आणलं? पुस्तक तुमचंच होतं की!" वर्ग हसला. ती मात्र हसली नाही, डोळे भरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर तिला आमच्या गोठ्यात न्यावं लागलं असतं.

आमचं घर कोल्हापूरजवळच्या उचगावात. वडील फौंड्रीत पाळीला जायचे. घरामागे गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. ती म्हैस भलती नखरेल. पुढ्यात पेंड-कोंड्याचं आंबोण ठेवा, पाठीवरून हात फिरवा, आईचा आवाज कानावर पडल्याशिवाय बाई पान्हा सोडायची नाही. आई बोलायची थांबली की धारही थांबली. आता रोज दोन वेळा म्हशीशी बोलायचं तरी काय? घरची रडगाणी सांगून काय दूध मिळणार? म्हणून आईनं गोष्ट सुरू केली. एका पोरीची गोष्ट. तिला नाव नव्हतं, नुसती 'पोरगी'. मी शेणाच्या पाटीशेजारी उकिडवी बसून ऐकायची. गोष्ट खरं तर म्हशीसाठी होती, मी आपली फुकटची श्रोती.

या गोष्टीला एक नियम होता. धार चालू असताना पोरीवर कसलंही संकट यायचं नाही. वाईट काही बोललं की म्हैस दूध वर ओढून घेते, असं आई ठामपणे सांगायची आणि मी ते डोळ्यांनी बघितलंही होतं. त्यामुळे गोठ्यात ती पोरगी अगदी सुखात असायची. वाडीच्या देवळात जाऊन पेढे खायची, पन्हाळ्यावर चढून खाली आपलं घर शोधायची, आणि भांडणात कुणाला हार जायची नाही. मग किटली भरायची. आई पदर खोचून उठायची, आम्ही डेअरीला दूध घालायला निघायचो, आणि अंगणाच्या बाहेर पाऊल पडलं रे पडलं की पोरीच्या मागं साडेसाती लागायची.

वाटेत ओढ्यावर एक मोरी होती, म्हणजे छोटासा पूल. तिथं आई किटली खाली ठेवायची, हात बदलायची आणि मला विचारायची, "आता काय करावं पोरीनं?"

मी म्हणेन ते व्हायचं. आणि एकदा झालं की झालं. माझा शब्द आईनं कधी फिरवला नाही. एकदा मैत्रिणीला मार पडू नये म्हणून मी पोरीला खोटं बोलायला लावलं, तर पुढं कितीतरी दिवस ती बिचारी ते खोटं निस्तरत बसली. मी म्हणायची, "आई, नको ते, दुसरं काहीतरी सांग." आई म्हणायची, "दुसरं कुठनं आणू? तूच म्हणालीस न्हवं?"

असंच एकदा आईनं पोरीला पुरात अडकवलं. पंचगंगेचं पाणी चढत चाललेलं, पोरगी काठावर उभी, हातात दावं, दाव्याला तिचं लाडकं रेडकू. न्यायला नाव आली. नाववाला म्हणाला, माणूस घेतो, जनावर घेत नाही. एवढं सांगून आईनं मोरीवर किटली ठेवली.

"काय करावं पोरीनं?"

त्या दिवशी मला घाई होती. डेअरीशेजारच्या दुकानात माझ्यासाठी नवी चप्पल बघून ठेवली होती आणि परत येताना ती घ्यायची ठरली होती. माझं निम्मं लक्ष तिकडं. मी म्हणाले, "बसू दे की नावेत."

"आनि रेडकू?"

"ऱ्हाऊ दे."

"बरं," म्हणून आईनं किटली उचलली.

दुसऱ्या दिवशी पोरगी अलीकडच्या काठावर सुखरूप होती आणि रेडकू पल्याड. मी रडले, जेवले नाही, चप्पल फेकून दिली. रेडकाला परत आण म्हणून आईच्या पदराला लोंबकळले. आईनं मला मांडीवर घेऊन थोपटलं, भाकरी चुरून दुधात कालवून भरवली, पण रेडकू काही आणलं नाही. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. गोष्ट तिची, नदी तिची, नाववाला तिचा. तिचं काय जात होतं?

पण त्या दिवसापासून गोष्टीतली पोरगी बदलली. आधी ती नुसती उड्या मारत फिरायची, वाटेल त्याच्याशी भांडायची. आता ती कुठूनही निघताना मागं वळून बघायला लागली. दुसऱ्याच्या दावणीला रिकामी गव्हाण दिसली की वैरणीची पेंढी टाकूनच पुढं जायची. कुणी तिला घाई केली की ती मुद्दाम थांबायची. आईनं हे कधी समजावून सांगितलं नाही, पोरगी नुसती तशी वागायला लागली. आणि खरं सांगते, मला ती आधीपेक्षा जास्त आवडायला लागली. माझ्या कादंबऱ्यांतली सगळी पोरं त्या एका नावेतून उतरलेली आहेत. त्यांना मी घरी परत आणत नाही, कारण आणलं तर ती पुन्हा उड्या मारणारी पोरं होतील.

बारावी झाल्यावर मला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली. वडील तोवर गेलेले होते. घरात आई, म्हैस आणि मी. आईनं त्या विषयावर तोंडातून चकार शब्द काढला नाही. मात्र एका संध्याकाळी मोरीवर किटली ठेवून तिनं विचारलं, "पोरीला लांब शिकायला बोलावलंय. घरात आई एकटी हाय. काय करावं पोरीनं?"

आम्ही दोघी ओढ्याकडं बघत होतो. मी म्हणाले, "जाऊ दे तिला."

"बरं," आई म्हणाली. यावेळी किटली मी उचलली.

मी गेले. शिकले, नोकरी केली, लिहायला लागले, फिरून कोल्हापुरात आले आणि राजारामपुरीत फ्लॅट घेतला. उचगाव तिथून असं कितीसं लांब? पण आई काही यायला तयार नाही आणि मी काही राहायला गेले नाही. रविवारी जायचं, भाजी-भाकरी खायची, डबा भरून घेऊन यायचं. जवळ असूनही पाहुणी होण्याची ही कला मला छान जमली होती.

या हिवाळ्यात आई गोठ्यात घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूठ काही वळेना. डॉक्टर म्हणाले, आजी, आता धार काढायचं विसरायचं. आई त्यांच्याकडं असं बघत राहिली की जणू त्यांनी जेवायचं विसरायला सांगितलं. तोवर शेजारची वहिनी धार काढत होती आणि आई म्हशीच्या तोंडाशी उभी राहून बोलत होती. पण वहिनीच्या पदरी तिची चार जनावरं. ती किती दिवस पुरणार?

मी ठरवूनच गेले. फ्लॅटमधली उजेडाची खोली रिकामी केली होती, नवी गादी आणली होती. आईला घेऊन यायचं. म्हैस वहिनीलाच देऊन टाकायची. त्यात मला कुठं खोट दिसत नव्हती. फक्त उतावीळपणा नडला. वहिनी धारेला बसली होती, किटली निम्मी भरत आली होती, आणि मी तिथंच बोलून गेले, "आई, म्हैस देऊन टाकू या आता. तू चल माझ्याकडं."

म्हशीनं कान फडकावले आणि दूध ओढून घेतलं. वहिनीनं सड ओढून बघितले, कासेवर पाणी मारलं, सगळं केलं. एक थेंब येईना.

"धार झाल्यावर बोलायचं असतंय," आई म्हणाली. "इसरलीस व्हय?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खचल्यासारखी दिसली. निम्मीच किटली घेऊन आम्ही निघालो. मी किटली धरली होती, आई डाव्या हातानं उजवं मनगट धरून चालली होती. आता ती किती हळू चालते, हे मला रविवारी कधी दिसलं नव्हतं. मोरीशी आल्यावर ती थांबली. मीही थांबले आणि किटली खाली ठेवली.

"ती पोरगी परत आली," आई म्हणाली. "जवळच ऱ्हाती आता. आनि तिच्या आईचा हात गेलाय. पोरगी म्हणती, चल माझ्याकडं. काय करावं पोरीनं?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. 'घेऊन जावं' एवढं म्हणायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी आई पिशवी भरून दारात उभी राहिली असती. एका शब्दानं वाद घातला नसता, कधी तक्रार केली नसती, त्या उजेडाच्या खोलीत मुकाट बसून राहिली असती. माझा शब्द तिनं आजवर कधी फिरवला नव्हता. आणि मला एकदम ते दावं आठवलं, पाण्यापाशी सुटलेलं. मी घाबरले. एवढी मी कुठल्याच पुस्तकाच्या शेवटाला घाबरले नव्हते.

मी विचारलं, "पोरीच्या आईला काय पायजे?"

"तिला कशाला इचारायचं? गोष्ट पोरीची हाय."

"तरी पण. मला ऐकायचंय."

आई मोरीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "तिला हितंच ऱ्हायाचं हाय. म्हशीपाशी. फ्लॅटात तू लिवत बसणार, मी बोलू कुणासंग? तू गेल्यावर पोरीची गोष्ट मी कुणाला सांगितली, वाटलं तुला?"

मला वाटलं होतं, मी गेले तेव्हा गोष्ट संपली.

"ह्या म्हशीच्या आईला सांगितली," आई म्हणाली, "मग हिला. रोज दोन टाइम. न्हायतर दूध कसं दिलं असतं?"

"आणि मोरीवर कोण ठरवायचं?"

"मीच की. म्हस काय सांगणार व्हय!"

मला हसू आलं. मी म्हणाले, "मग आईनं हितंच ऱ्हायाचं. आनि पोरीनं यायाचं. सकाळी-संध्याकाळी, धारंला."

"जमणार न्हाय तुला."

"बघू की."

"सांगितलंस, मग फिरवायचं न्हाय हां," आई म्हणाली. मी किटली उचलली.

आठवडाभर वहिनीनं मला शिकवलं. बोटं सुजली, पोटऱ्यांत गोळे आले, म्हशीनं एकदा किटलीच उडवली. मग एका पहाटे वहिनी आली नाही. तिनं ते मुद्दाम केलं असणार. मी आईचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, वासानं तरी फसेल म्हणून, आणि धारेला बसले. म्हैस फसली नाही. आई पाठीमागं भिंतीला टेकून बसली होती.

"बोल की तिच्यासंग," ती म्हणाली.

मी सुरू केलं. एक पोरगी होती, ती पन्हाळ्यावर गेली...

"ते तिला ठावं हाय. पुढचं सांग."

पोरगी वाडीला गेली, पेढे खाल्ले...

"ते बी झालंय."

पुस्तकं लिहिणारी मी, आणि एका म्हशीला सांगायला माझ्याकडं गोष्ट नव्हती. शेवटी मी हात थांबवून विचारलं, "आई, त्या रेडकाचं काय झालं गं?"

"कुठल्या? पल्याडच्या?" आई म्हणाली. "ते रेडकू कुठलं आता! पाणी उतरल्यावर एका बाईनं नेलं त्याला. वाढवलं. चांगली थोरली म्हस झाली. दोनदा व्याली. गरीब हाय, कुणाला शिंग दावत न्हाय. कवातरी नदीला आली की पाण्यात उभी ऱ्हाती आनि अल्याड बघती. मग जाती आपल्या घरला."

"हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू नावंत बसून गेलीस बाई," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, चेष्टाच होती थोडी. "मागं ऱ्हायलेल्याचं काय झालं, ते नावंतल्याला कसं कळंल? मागं येऊन इचारावं लागतं."

मी म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि रडायला लागले. माझ्या मुठीत सड गरम झाला, भरून आला, आणि किटलीच्या तळावर पहिली धार वाजली.

"रडू नगंस," आई मागून म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. "आधी किटली भरू दे."