हौसाबाईंच्या नावावरचं सातवं सिम

माझी एक चूक दुसऱ्या बाईच्या माथी बसत होती, म्हणून हे लिहिते आहे. लांब पोस्ट वाचायचा कंटाळा असेल त्यांनी निदान शेवट वाचावा.

सोमवारी सकाळी तळेघरच्या वरच्या वाडीतून कमलचा फोन आला. "ताई, पोलीस आलं व्हतं. आत्याबायला उद्या ठाण्यात बोलावलंय... तिच्या नंबरवरनं कुणाला तरी लुबाडलं म्हनं."

कमलची सासू म्हणजे हौसाबाई. त्या वाडीतल्या बचत गटाचं काम मी बारा वर्षं बघते आहे. हौसाबाईंना फोनचं हिरवं बटण कुठलं आणि लाल कुठलं, एवढंच कळतं. त्या कुणाला लुबाडणार?

मंगळवारी मी राहते त्या वारूळवाडीहून पहिली एसटी धरली. ठाण्याच्या पायरीवर हौसाबाई बसल्या होत्या. सुनेला आठवा महिना, म्हणून एकट्याच जीपने उतरलेल्या... दमा जुना, त्यात भीती. बोलताना धाप लागत होती.

हवालदारांनी कागद पुढे सरकवला. "आजी, तुमच्या नावावर सात सिम आहेत. वाडीत टेलिफोन एक्स्चेंज काढलंय का?"

सहा नंबर मी तिथल्या तिथे ओळखले. वाडीतल्या सहा घरांचे. सातवा मी कधी पाहिलेला नव्हता.

आता सहा घरांची सिम एकीच्या नावावर का, हे शहरातल्या लोकांना सांगावं लागेल. भाताची लावणी, नाचणीची कापणी, गुरांची दावी... यात आमच्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजून जातात. सिम घेताना मशीनवर अंगठा लागतच नाही. हौसाबाई दम्यामुळे कित्येक वर्षं चिखलात उतरलेल्या नाहीत, घरी बसून वाडीतली पोरं सांभाळतात. त्यांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागतो. "हौसाबायचा अंगठा म्हंजी वाडीचा शिक्का!" असं बायका चिडवायच्या आणि त्याही हसायच्या.

माझा भाचा पोलंडमध्ये मोबाइलच्या कंपनीत आहे. मागच्याच आठवड्यात सांगत होता, तिथे माणसांपेक्षा कनेक्शन जास्त झाली आहेत. लिफ्टमध्ये सिम, मीटरमध्ये सिम. "मावशी, कनेक्शन वाढली म्हणजे फोनवाली माणसं वाढली असं समजू नकोस," म्हणाला. मी त्याला ऐटीत सांगितलं होतं की आमच्या वाडीत घरोघर फोन मी पोचवला!

ठाण्यात बसून माझं ते वाक्य आठवत होतं.

"सातवं सिम परराज्यात चालू होतं," हवालदार म्हणाले. "तिकडच्या पोलिसांनी बोलावलं तर आजींना जावं लागेल."

हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "तिथवर जीप जाती का, ताई?"



मग हवालदारांनी सरळ विचारलं. "घरं सहा, तर सातव्यांदा अंगठा का दिलात? कोणी सांगितलं?"

हौसाबाईंनी मान खाली घातली. नखाने फरशी खरवडत राहिल्या... बोलल्या नाहीत. हवालदारांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तरी नाही. आणि तेव्हा मला कळलं की त्या कुणाला पाठीशी घालताहेत.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी छत्री लावून एक सिमवाला बसला होता. बायकांना मीच घेऊन गेले होते. सहा सिम झाल्यावर तो म्हणाला, "सर्व्हर गेला, परत दाबा." हौसाबाईंनी हात मागे घेतला. "सा घरं, सा सिम. सा येळा झालं की!" जीपवाला हॉर्न मारत होता. मी त्यांचा अंगठा धरला आणि काचेवर दाबला. "मोजत काय बसलाय? आटपा!"

बी.ए. झालेली बाई मी. अक्षरओळख नसलेल्या बाईने बरोबर मोजलं होतं, आणि मी तिला गप्प केलं होतं.

"मी सांगितलं. लिहून घ्या," मी म्हणाले.

"मॅडम, विचार करून बोला. चौकशीत तुमचं नाव येईल."

"यायलाच पाहिजे."

हौसाबाई पुटपुटल्या, "कशापाई बोललात? मी गपच ऱ्हायले असते की..." त्या खरंच राहिल्या असत्या. हेच मला दोन दिवस झोपू देत नाही.

हौसाबाईंचा जबाब लिहून झाला, सिमवाल्याच्या वर्णनासकट. हवालदारांनी शाईचं पॅड पुढे केलं, तर हौसाबाईंनी हात पदराखाली घेतला.

"आदी वाचून दावा."

हवालदारांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्याही ओठांवर "आटपा" आलं होतं... गिळलं. हवालदारांनी दोन्ही पानं वाचून दाखवली. एका जागी हौसाबाईंनी थांबवून गावाचं नाव दुरुस्त करून घेतलं.

पुढे काय होईल, माहीत नाही. तूर्त त्यांना कुठे जावं लागणार नाही, एवढंच ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनी सांगितलं. तुमच्या आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारी साइटवर आजच बघा. आणि कुणाचा अंगठा घेताना घाई करू नका. घाई आपली असते, अंगठा त्यांचा असतो.

बुधवारी ठाण्यात जमा केलं ते असं: वाडीतून गोळा केलेली सहा सिम, एका पाकिटात. सातव्या नंबराशी संबंध नसल्याचा हौसाबाईंचा अर्ज. माझ्या सहीचा जबाब. शिक्क्याची पोच हौसाबाईंच्या हातात दिली. वाडीत आता फोन उरला नाही, म्हणून माझा फोन सिमसकट कमलकडे दिला, बाळंतपण होईपर्यंत. तो माझ्या नावावरचा आहे हेही ठाण्यात लेखी दिलं आहे.

हौसाबाईंचा अंगठा... सगळं वाचून झाल्यावर, एकदाच.