मदत लागली नाही

सुकट भाजल्याचा वास आला की करंजाड्यातलं ते स्वयंपाकघर आठवतं. लोक घरात फोन कसा वापरतात हे बघणं माझं काम होतं आणि नियम एकच, मध्ये बोलायचं नाही. मूळच्या उरणच्या त्या काकू आमच्या कंपनीच्या ॲपसाठी फोनमध्ये जागा करत होत्या. एका हाताने सुकट परतत त्यांनी सगळे जुने व्हॉइस मेसेज निवडले आणि डिलीट केले. नियमाप्रमाणे मी फक्त बघत होते, वहीत टिपत होते. ॲप आलं. मग जेवणाआधी त्या रोज ऐकायच्या तो मेसेज शोधू लागल्या. बराच वेळ शोधून म्हणाल्या, "ह्यांचा आवाज होता त्यात. मानूस गेला, आता आवाजपन नाय." गॅस बंद करून त्यांनी पाणी मलाच दिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय: जागा रिकामी केली, मदत लागली नाही.